पोकळ करायचं टूल घरी केलं तर बिघडलं कुठं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांत खानापूर भागातल्या एका वाचकांचं पत्र वाचलं. लाकडाच्या लेथवर, म्हंजे लाकूड गरागरा फिरवून कातायच्या यंत्रावर, फ्लॉवरपॉट आतनं पोकळ करताना कानशीपासनं घरीच केलेलं टूल मोडलं आणि त्यांच्या ओळखीतल्या एका पोराच्या हाताला टाके पडले, त्यावरनं त्यांचं म्हणणं असं की हे घरगुती टूलचं खूळ बंद झालं पायजे, परवडत असेल तर बाहेरच्या कंपनीचं टूल मागवा, नसेल तर गप पोळपाट लाटणी काढत बसा. पोराला लागलं ह्याचं वाईट वाटलंच पण बाकीचं काही पटलं नाही, म्हणून लिहितोय. माझी सगळी नोकरी उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, टर्नर म्हणून म्हंजे लेथवर लोखंड कातणारा म्हणून गेली, रिटायर झाल्यावर घरामागं शेड मारून लाकडाचा लेथ लावलाय, त्यामुळं लोखंड कापणारं टूल आणि लाकूड कापणारं टूल दोन्हीकडनं बघितलेला माणूस म्हणून चार गोष्टी सांगतो, पटल्या तर छापा.

आधी त्या कानशीचंच बघू. ते टूल मोडलं ते कानशीचं होतं म्हणून, घरी केलं होतं ह्याचा त्यात काही संबंध नाही. कानस दुसरं लोखंड घासायला केलेली असतेय, म्हणून ती मुद्दाम एकदम कडक ठेवतात, इतकी की फरशीवर पडली तरी टोक उडतंय. वरनं दात पाडलेले, म्हंजे प्रत्येक दाताच्या मुळाशी एकेक खाच, तडा जायला जागा आयतीच तयार. असली वस्तू टूल रेस्टच्या, म्हंजे टूल टेकवायच्या लोखंडी आधाराच्या, पुढं वीतभर बाहेर काढून फिरत्या ओंडक्याच्या पोटात घातली आणि ती एकदा अडकली की वाकणार बिकणार काही नाही, काचेसारखी फुटणार. काही लोक कानस आधी भट्टीत लाल करून राखेत हळूहळू गार करतात, दात घासून काढतात, परत लाल करून तेलात बुडवतात आणि मग पिवळसर रंग येईपर्यंत तापवून कडकपणा थोडा उतरवतात. एवढं सगळं नीट केलं तर बाहेरच्या अंगाला खरवडायला चालतंय ते टूल. पण आत घालायला मी तरीही देणार नाही कुणाला. त्या पत्रलेखकांनी कानस नको एवढंच लिहिलं असतं तर मी दोन्ही हातानं टाळ्या वाजवल्या असत्या.

आता पोकळ करायचं काम वेगळं का ते जरा सांगायला लागेल, कारण पोळपाट काढणारा माणूस हुशार असला तरी इथं फसतोय. बाहेरनं कातताना रेस्ट लाकडाला चिकटून असतेय, टूलचं टोक रेस्टच्या पुढं जेमतेम बोटभर. आतनं पोखरताना रेस्ट तोंडाबाहेरच राहतेय आणि टोक आत आत जात राहतंय. आठ इंच खोल भांडं असेल तर टोक रेस्टपासनं आठ इंच लांब, आणि तिकडं ओंडका मिनिटाला सातआठशे वेळा त्या टोकाला खाली दाबतोय. टूलचा बार म्हंजे सळई बारीक असेल तर तो दाबला की लवतो, सुटला की वर येतो, परत लवतो, आणि आतनं घर्रर्र आवाज यायला लागतो त्याला आम्ही शॉपमध्ये म्हंजे कारखान्यात चॅटर म्हणायचो. लाकडावर नागमोडी पट्टे उमटतात, हाताला मुंग्या येतात, आणि एखाद्या गाठीवर टोक रुतलं की मग जे व्हायचं ते होतंय.

ह्याचा हिशेब साधा आहे आणि कुठल्याही डिप्लोमाच्या पोराला विचारलात तर तो सांगेल. बार जेवढा बाहेर काढाल त्याच्या घनाच्या प्रमाणात लवतो, म्हंजे बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली तर लवणं आठपट. जाडीचं गणित त्याच्याही वरचं, चौथ्या घाताचं, १६ एमएमच्या जागी २० एमएमचा गोल बार घेतला तर ताठपणा जवळजवळ अडीचपट होतोय आणि १२ च्या जागी २० घेतला तर साडेसातपटीच्या वर. फरक फक्त आठ एमएमचा बघा. आणि दुसरी गंमत, जी मोठ्या मोठ्या लोकांना पटत नाही: स्टील महाग घेतलं म्हणून बार कमी लवत नाही. साधा एमएस म्हंजे माइल्ड स्टील घ्या, नाहीतर ईएन ८, ईएन २४ ही त्याहून भारी स्टीलं घ्या, लवायच्या बाबतीत सगळे जवळपास भाऊभाऊच. महाग स्टीलचा फायदा एवढाच की जोरात झटका बसला तर ते कायमचं वाकडं होत नाही. म्हणून मी तर ईएन ८ चा ब्राईट बार घेतो, ऑफकट म्हंजे कापून उरलेला तुकडा मिळतो, आणि पैसे जाडीवर घालवतो, स्टीलच्या नावावर नाही. सहा इंचापर्यंत खोली असेल तर १६ चा पुरे म्हंजे पाच सुती (एक सूत म्हंजे इंचाचा आठवा भाग), त्याच्या पुढं २० च्या खाली उतरू नका, आणि फूटभर आत जायचं असेल तर २५ चा.

मग दांडा. दुकानातल्या पटाशीची मूठ बघून लोक एवढीशी मूठ लावतात आणि तिथंच गडबड. टोक रेस्टच्या पुढं आठ इंच आणि मूठ रेस्टच्या मागं आठ इंच असेल तर टोकाला जेवढा जोर तेवढाच तुमच्या हाताला, तीस किलोचा हिसका बसला तर तीस किलो सरळ मनगटात. मागं चोवीस इंच ठेवलं तर तोच हिसका दहा किलोवर येतोय, आणि दांडा कमरेला लावून उभं राहिलं तर हाताला कळतही नाही. आपल्याकडं पाऊण इंची जीआय पाईप कुठल्याही प्लंबरकडं पडलेला असतो, त्यात २० चा बार दीडेक एमएम सैल बसतो, पाईपला दोन ठिकाणी भोक पाडून नट वेल्ड करायचे आणि बोल्टनं आवळायचं, झाला दांडा. त्याच पाईपात कोरडी बारीक वाळू ठासून भरली आणि मागनं लाकडी बूच मारलं की थरथर बरीच मरतेय. वर सायकलच्या ट्यूबचं वेटोळं द्या, थंडीत हाताला लोखंड चावत नाही.

टोकाचं आता जरा नीट सांगतो कारण हे बरोबर झालं तर बाकी सगळं चालून जातंय. एचएसएसचा, म्हंजे हाय स्पीड स्टीलचा, दीड सुती चौकोनी बिट म्हंजे कापणारा तुकडा घ्या, म्हंजे ३/१६ इंचाचा, पावणेपाच एमएमच्या आसपास. त्याचा कर्ण येतोय ६.७ एमएम आणि काहीतरी, त्याला भोक पायजे ६.८ चं, आणि ६.८ चं ड्रिल म्हंजे एम ८ च्या टॅपच्या, म्हंजे भोकात आटे पाडायच्या हत्याराच्या, आधी मारतात तेच, त्यामुळं ते प्रत्येक शॉपमध्ये, प्रत्येक वेल्डिंगवाल्याकडं असतंयच. चौकोनी बिट गोल भोकात चारी कोपऱ्यांवर मस्त बसतो. बारच्या तोंडावर इंचभर खोल भोक मारायचं, बाजूनं ५ चं ड्रिल मारून एम ६ चा टॅप फिरवायचा आणि ग्रब स्क्रूनं म्हंजे बिनडोक्याच्या स्क्रूनं आवळायचं, स्क्रू बिटच्या सपाट बाजूवर आला पायजे म्हंजे बिट आपोआप सरळ उभा राहतोय. तिरका बिट पायजे असेल, जो आतल्या बाजूची भिंत पोखरायला लागतोच, तर गोल बारवर तिरकं ड्रिल मारायला जाऊ नका, ते घसरणार आणि मोडणार. आधी ग्राइंडरवर बारचं तोंडच ४५ अंशात कापून सपाट करा, मग त्या सपाट अंगावर सरळ उभं ड्रिल मारा. बिट बाहेर ठेवायचा जेमतेम दहाबारा एमएम, टोक गोलसर, खालनं साधारण १५ अंशाचा उतार, वरचं अंग सपाट. बिट बारीक आहे म्हणून नाक मुरडू नका, बारीक बिट थोडंच लाकूड घेतो आणि थोडंच लाकूड घेतो म्हणूनच हिसका देत नाही. रुंद टोकाचं स्क्रेपर आत घालणारे लोक बघितले की मला घाम फुटतो.

बिट विकत घ्यायला पायजेच असंही नाही. मोडलेली एचएसएस ड्रिलं, पॉवर हॅक्सॉची जुनी ब्लेडं, कीवेच्या स्लॉटिंग टूलचे उरलेले तुकडे, ह्यातनं टोकं निघतात. फक्त ते खरंच एचएसएस आहे का ते बघून घ्या. ग्राइंडरला लावा, ठिणग्या मंद, लालसर आणि फुलबाजीसारख्या न फुटणाऱ्या पडल्या तर एचएसएस, पांढऱ्या पिवळ्या आणि चांदण्या फुटत फुटत गेल्या तर साधं कार्बन स्टील. नवीन पद्धतीच्या हॅक्सॉ ब्लेडला फक्त दाताकडची पट्टीच एचएसएसची असते, बाकीचा भाग मऊ, ते लक्षात ठेवा. एचएसएसचा गुण म्हंजे धार लावताना निळं पडलं तरी त्याचं काही जात नाही, पाचसहाशे डिग्रीपर्यंत ते आपला कडकपणा सोडत नाही, कार्बन स्टील निळं पडलं की मेलं. मात्र लाल तापलेलं एचएसएस एकदम पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात.

कार्बाईड ह्या एचएसएसपेक्षाही कडक मालाबद्दल हल्ली पोरं फार विचारतात. उद्यमबागेत सीएनसीवर, म्हंजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, वापरून टाकलेले इन्सर्ट म्हंजे बदलायची छोटी टोकं डबाभर मिळतात म्हणून ते लावायची हौस असते. स्टीलसाठीचे ते पिवळे इन्सर्ट लाकडाला उपयोगाचे नाहीत हो, त्यांची धार मुद्दाम बोथट केलेली असते, लाकूड कापायच्या ऐवजी ते फक्त घासतात आणि जाळतात. ॲल्युमिनियमसाठीचे चकचकीत पॉलिश केलेले येतात, सीसीजीटी वगैरे, ते लावा, ते खरंच पाजळलेले असतात आणि छोट्या ०६ साईझला एम २.५ चा स्क्रू लागतो, बारच्या टोकाला सपाट कापून, भोक पाडून, टॅप मारला की बसला. बाभळीसारख्या खरखरीत लाकडाला बरे पडतात. पण मला विचाराल तर एचएसएसच, कारण दोन मिनिटात परत धार लागते आणि टोकाचा आकार आपल्या मनासारखा करता येतो.

आता वाकड्या टूलचं. बारीक तोंडाचा आणि पोट फुगलेला कलश करायचा असेल तर सरळ बार खांद्याखाली पोचत नाही, बार तापवून मान वाकवायला लागते. इथं बऱ्याच जणांचं चुकतंय. नुसता आकडा करून बार एका बाजूला वळवला तर टोक बारच्या मधल्या रेषेपासनं बाजूला जातंय, आणि लाकडानं टोक खाली दाबलं की अख्खा बार हातात पिळला जातोय, कितीही घट्ट धरा. म्हणून मान आधी एका बाजूला आणि मग परत उलट्या बाजूला वळवायची, म्हंजे टोक शेवटी बारच्या मधल्या रेषेवर परत आलं पायजे. लोहाराला कागदावर रेघ मारून द्या, तो बरोबर करतो, आपल्याकडच्या खेड्यातल्या लोहारांचा हात ह्यात चांगलाच बसलेला असतोय. आणि रेस्टवर टेकवायचा तो सरळ भागच, वाकलेला भाग रेस्टवर आला की पिळ परत सुरू. त्याहून मोठं भांडं असेल तर मागच्या बाजूला चौकोनी पाईपची डी आकाराची चौकट वेल्ड करून ती लेथमागं लावलेल्या दोन आडव्या पट्ट्यांत अडकवून ठेवतात, मग बारला पिळायला जागाच राहत नाही, फक्त पुढंमागं आणि डावीउजवीकडं सरकतो. वेल्डिंगवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे ते.

उंचीचं सांगायचं राहिलं. आत खरवडताना टोक मध्याच्या, म्हंजे लाकूड ज्या आसाभोवती फिरतं त्या उंचीच्या, किंचित वर ठेवा आणि मूठ थोडी उचललेली. बाहेरच्या अंगाला ह्याच्या उलट असतंय, म्हणून गोंधळ होतोय. आत टोक मध्याच्या वर असेल आणि लाकडानं खाली दाबलं तर ते जास्त मोकळ्या जागेत जातंय आणि सुटतंय, मध्याच्या खाली असेल तर दाबल्यावर ते भिंतीत आणखी रुततंय. बार लवणार हे धरूनच किंचित वर सेट करायचं.

आणि सुरुवात नेहमी ड्रिलनं. टेलस्टॉकला म्हंजे लेथच्या सरकत्या टोकाला मोठं ड्रिल लावून मधोमध हव्या त्या खोलीच्या अर्धा इंच अलीकडं थांबा. ऐन मध्यावर लाकूड जवळजवळ फिरतच नसतंय, तिथं टूल कापत नाही, नुसतं ढकलतंय. उभ्या रेषांचं लाकूड असेल तर त्या भोकापासनं कडेकडं पोखरत जायचं, आडव्या रेषांचं ताट किंवा वाडगं असेल तर कडेकडनं मध्याकडं. स्पीडला जुना हिशेब आहे, इंचातला व्यास गुणिले आरपीएम सहा ते नऊ हजारच्या मधे ठेवा, पोकळ करताना सहाच्याच बाजूला, म्हंजे आठ इंचाला साडेसातशे. फेसप्लेटला, म्हंजे ओंडका लेथला धरून ठेवणाऱ्या चकतीला, ते काळे ड्रायवॉलचे स्क्रू लावू नका, ते ठिसूळ असतात, डोकी पटापट उडतात. आत भुसा साठला की लेथ बंद करूनच काढायचा. फिरत्या भांड्याच्या तोंडात बोट घालणाऱ्याला मी शेडमधनं बाहेर काढतो, मग पोरगं कुणाचंही असो.

भिंत किती जाड राहिली ते बघायला महागाचा कॅलिपर नको, जाड तार वाकवा, दोन टोकांत पायजे तेवढं अंतर ठेवून एक टोक आत एक बाहेर घाला, दोन टोकं भिंतीवर जेमतेम बसली की थांबा, बाहेरच्या टोकाशी फट दिसली तर भिंत त्याहून पातळ झाली. अजून सोयीचं पायजे तर पोरं खेळतात तो लाल लेझर बारला वरनं क्लिप करून त्याचा ठिपका टोकाच्या बाजूला भिंतीच्या जाडीएवढा लांब पाडा, ठिपका भांड्याच्या कडेवरनं खाली घसरला की समजायचं भिंत तेवढीच उरली. काही कंपन्या हेच विकतात आणि लोक अंगठी घेतल्यासारखं दाखवत फिरतात.

मी कंपनीच्या टूलच्या विरोधात नाही हं. चांगली कंपनी बार जाड देतेय, टोक बदलता येतंय, पैसे असले तर घ्यावं. पण ते टूलही कुणीतरी बार कापून, भोक पाडून, बिट बसवूनच केलेलं असतंय, आणि तेही बारीक बार लांब बाहेर काढून वापरलं तर तसाच हिसका देणार. घरी केलं म्हंजे हलकं, असं निदान बेळगावात तरी कुणी म्हणू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ह्याच गावात सायकलचं दुकान काढलं, पुढं चारा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर ह्याच गावात सुरू केले, १९१० ला किर्लोस्करवाडीला गेले. आजही उद्यमबागेत, मच्छेला फिरा, जिग, फिक्स्चर, बोरिंग बार सगळं माणसं स्वतः करतायत. बोरिंग बार म्हंजे तरी काय, लोखंड आतनं पोकळ करायचं टूलच की, आणि आम्ही ते रोज करायचो, तेव्हा कुणी त्याला जुगाड म्हटलं नाही.

ह्या भागात हे काम नुसतं शोभेच्या भांड्यापुरतं नाही, म्हणून एवढं लिहितोय. आपल्याकडं गावागावात भजनी मंडळं आहेत, पखवाज आणि ढोलकी लागतेच, आणि त्यांचं खोड आतनं पोकळच करायला लागतंय. ढोलकीच्या खोडाला दोन्हीकडनं तोंड असल्यामुळं अर्धं इकडनं अर्धं तिकडनं पोखरता येतंय, त्यामुळं बार अर्ध्याच लांबीचा बाहेर काढायला लागतोय, हा मोठा फायदा. तबल्याच्या दायाचं खोड तर साधारण अर्ध्या खोलीपर्यंतच पोकळ असतंय, खालचं भरीवच ठेवतात, वजनासाठी आणि आवाजासाठी. फणस, बाभूळ, शिसव, खैर, ही लाकडं कडक, त्यात फणसाचा गोडसर पिवळा भुसा अंगावर बसला की दोन दिवस जात नाही. एका खोडाच्या कारागिराचं टूल जवळनं बघितलं, जाड सळई, टोकाला पितळेनं ब्रेझ केलेला कार्बाईडचा तुकडा, आणि मागं माणसाच्या उंचीएवढा बांबूचा दांडा, लोखंडी शेंबीत घट्ट बसवलेला. बांबू का म्हणून विचारलं तर म्हणाला, "लोखंडाचा दांडा दिवसभर धरून बघा की, संध्याकाळी जेवायला घास उचलत नाही." कुठल्या कॅटलॉगमध्ये ते टूल मिळणार नाही, आणि त्याला मिळायची गरजही नाही.

लाकडाबद्दल दोन वाक्यं आणि थांबतो. शिसव, साग ह्याच्या मागं लागून झाड तोडायला जाऊ नका, कर्नाटकात १९७६ च्या झाडं राखायच्या कायद्यानं परवानगी लागतेय आणि वनखातं ह्यात ऐकून घेत नाही. वखारीत आंबा, जांभूळ, फणसाचे जळणाचे ओंडके मिळतात, ओले असतात तेच बरं, ओलं लाकूड लोण्यासारखं निघतं म्हणणार होतो पण गाठ आली की कळतंय, तरी सुक्यापेक्षा बरंच सोपं. व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी भिंत ठेवून आधी ओबडधोबड पोकळ करा, आठ इंचाला वीस एमएम, कडेला मेण नाहीतर जुना रंग फासा, त्याच्याच भुशात घालून काही महिने सावलीत ठेवा, वाकायचं ते वाकू दे, मग परत लेथवर लावून फिनिश करा. आणि नाकाला चांगला मास्क, रुमाल नको. लाकडाची धूळ कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे, शिसवीच्या धुळीनं तर कातडीही उठते. हातात मोजे नकोत, लांब बाह्या नकोत, डोळ्याला नुसता चष्मा पुरत नाही, तोंड झाकणारी ढालच पायजे. त्या पोराला हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता विनंती. उद्यमबागेतल्या शॉपवाल्यांना तुमच्या पेपरातनं सांगा, कार्बाईडच्या भंगाराला चांगला भाव येतो ते ठाऊक आहे, ते विका खुशाल, पण मोडलेल्या एचएसएस ड्रिलांचा आणि बारच्या ऑफकटचा एक डबा गेटजवळ बाजूला ठेवा आणि कुणी पोरगं शाळेच्या नाहीतर आयटीआयच्या प्रोजेक्टसाठी मागायला आलं तर वजन न करता द्या. भाषा कुठलीही असू दे त्याची. आयटीआयवाल्यांनी फिटर टर्नरच्या पोरांना एक दिवस हा बार करायला द्यावा, ड्रिलिंग, टॅपिंग, ग्राइंडिंग, धार, सगळे धडे एकाच जॉबमध्ये येतात.

सोबत हातानं काढलेली दोन स्केचेस पाठवलीत, सरळ टूलचं आणि वाकड्या मानेचं. पत्र लांबलंय, कात्री लावायची तर किर्लोस्करांच्या परिच्छेदाला लावा, मापांना लावू नका. आणि टाईप करणाऱ्या पोराला तेवढं सांगा, ६.८ चं चुकून ८.६ छापलं तर बिट आत खुळखुळेल आणि पुढच्या रविवारी ते खानापूरवाले परत पत्र लिहितील.

आपला,
एक जुना टर्नर
अनगोळ, बेळगाव